बिनस्टोव्हची न्याहारी

“सकाळची न्याहारी मी करीन!”

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा आम्ही आमच्या कर्जतच्या घरात ओसरीवर बसलो होतो. तात्या, म्हणजे माझे वडील, पानाला चुना लावत होते. त्यांचं बोट पानावरच थांबलं. उमा, माझी बायको, सुपात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला ताप आलाय की काय, असं मलाच वाटलं.

त्र्याहत्तर सालचा मे महिना होता. नेरळच्या एका शाळेच्या मोठ्या बाईंनी निरोप पाठवला होता, की उमाबाईंनी जूनपासून शिकवायला यावं. शाळा सकाळची. म्हणजे उमाला उजाडता उजाडता स्टेशन गाठायला हवं. तात्यांचा नोकरीला विरोध नव्हता. बायकांनी नोकरी करावी, या मताचे ते गेली कित्येक वर्षं होते. फक्त त्या बायकांतली एक आपल्याच घरातून निघेल, याचा त्यांनी विचार केला नव्हता.

“नोकरी चांगलीच आहे,” ते म्हणाले. “पण न्याहारीचं काय?”

आता यावर कोणीही सुज्ञ माणूस गप्प बसला असता. पण निरोप आल्यापासून उमा दोन दिवस घरात गुणगुणत होती, आणि तात्यांच्या त्या एका प्रश्नाने ती गप्प झाली. ते मला बघवेना. म्हणून मी ते वाक्य बोलून गेलो.

“तू?” तात्या म्हणाले. “गोप्या, तुला स्टोव्ह पेटवता येतो?”

हा घाव वर्मी बसला. स्टोव्हचं आणि माझं जमत नाही. एकदा मी त्याला पिन मारायला गेलो होतो, तेव्हा माझी उजवी भुवई गेली. पुढे ती आली, पण पूर्वीसारखी आली नाही. फोटो काढताना मी अजून डावीकडून काढून घेतो.

“स्टोव्ह न पेटवता करीन,” मी म्हणालो.

“म्हणजे आम्ही काय कच्चे पोहे चघळायचे?”

“फळं आणि दही! इतक्या उकाड्यात सकाळी सकाळी गरम उपमा खाऊन घाम कशाला गाळायचा? ताजी फळं चिरायची, गार दही घालायचं, की झालं. यात शिजवायचं काय आहे?”

मला स्वतःलाच हे पटत चाललं होतं. तात्यांनी पान तोंडात टाकलं, थोडा वेळ चघळलं आणि निकाल दिल्यासारखे म्हणाले, “येत्या रविवारी करून दाखव. पोट भरलं पाहिजे, तोंडाला चव आली पाहिजे, घरात ज्योत दिसता कामा नये आणि सूनबाईने कशालाही हात लावता कामा नये. जमलं तर तिने खुशाल नेरळला जावं. नाही जमलं तर पुन्हा हा विषय नको.”

सकाळचा चहा न्याहारीत धरायचा का, यावर त्यांनी जरा विचार केला आणि धरायचा नाही असं ठरवलं. चहा घेतल्याशिवाय परीक्षा घेण्याची ताकद त्यांच्यातही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो, तोवर ही बातमी आख्ख्या आळीला झाली होती. शेजारचे नाना कुंपणाशी आले. नाना पोस्टातून निवृत्त झाल्यापासून होमिओपॅथीची पेटी बाळगून होते आणि आळीत कोणी शिंकलं तरी त्यांचा चेहरा उजळायचा.

“गोपीनाथराव, दही आणि फळ? हा विरुद्ध आहार! अंगावर चट्टे उठतात!”

“चट्टे कसले?” समोरच्या ओसरीवरून द्वारकाकाकू ओरडल्या. “गळवं उठतात! आणि ती दह्याने नाही, आंब्याने! गोपीनाथ, तू आंबा घालू नकोस. केळं घाल.”

“केळ्याने कफ होतो!”

“तुम्हाला होत असेल! तुमच्या जिभेची चवच त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी गेलीय!”

मी तोंडातल्या फेसामुळे बोलू शकत नव्हतो. दोघांनी माझ्या वतीने एकमेकांशी बराच वेळ वाद घातला आणि शेवटी दही कसं लावायचं यावर त्यांचं भांडण येऊन ठेपलं. विरजणात मिरचीचं देठ टाकायचं की नाही, यावरून दोन्ही घरांचं बोलणं त्या दिवशी बंद झालं.

रात्री उमा म्हणाली, “अहो, दही लावायला दूध तापवावं लागतं.”

“मग?”

“स्टोव्हवर.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्योत दिसता कामा नये, म्हणजे दही बाहेरून आणायला हवं. आणि आमच्या गवळ्याची म्हैस आटलेली, चहापुरतं दूध मिळायचं तेच नशीब. मी रात्रभर कूस बदलत राहिलो.

पण कचेरीत एक माणूस देवासारखा भेटला. कशेळ्याजवळचा शेतकरी नामा, जमिनीच्या उताऱ्यासाठी माझ्या टेबलाशी आला होता. माझा चेहरा बघून त्यानेच विचारलं, “सायेब, घरात काय दुखलंखुपलं हाय का?”

मी त्याला दह्याचं सांगितलं.

“हात्तिच्या! आमच्या दोन म्हशी दूध देत्यात. शनवारी दुपारी या. जिजा मडकंभर लावून ठेवील. आमच्या जिजाचं दही म्हंजी सुरीनं कापावं लागतं!”

शनिवारी अर्धी कचेरी आटपून मी कशेळ्याला गेलो. नामाची बायको जिजा खरंच मोठी हौशी. तिने नवं कोरं मडकं तोंडाला फडकं बांधून तयार ठेवलं होतं. वर पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं दिली, आणि नामाने एक फणस माझ्या खांद्यावर ठेवला. तो मी ठेवून घेतला नाही. तो ठेवला गेला आणि मी खाली वाकलो, एवढंच.

“कापा हाय, सायेब,” नामा म्हणाला. “गरे कसे, काकडीवानी!”

“दादा, मडकं मांडीवं धरा,” जिजा म्हणाली. “हिंदकळू देऊ नका हां!”

परतीच्या बसमध्ये मला खिडकीजवळची जागा मिळाली. फणस पायाखाली, द्रोण खिशाशी, मडकं मांडीवर. मी अगदी राजासारखा बसलो होतो. तेवढ्यात कंडक्टर आला.

“मडक्यात काय?”

“दही.”

“पातळ वस्तू गाडीत नाय चालत. सांडली म्हंजी लोक माज्या नावानं बोंबलत्यात. उतरा.”

“दही पातळ नसतं,” मी म्हणालो.

“मग काय घट असतं?”

आता हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. कचेरीत वीस कायदे तोंडपाठ असलेला माणूस मी, पण दही कशात मोडतं हे मला सांगता येईना. मागच्या बाकावरची एक म्हातारी माझ्या मदतीला आली. “आरं, जिजाचं दही हाय ते! उपडं केलं तरी पडायचं नाय!”

“करा की उपडं!” कोणीतरी म्हणालं.

“करा, करा!”

बसमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. ड्रायव्हरनेसुद्धा इंजिन बंद केलं. मला त्या क्षणी उमाचं गुणगुणणं आठवलं, आणि मी फडकं सोडून, श्वास रोखून, मडकं उपडं केलं.

दही पडलं नाही! मडक्याच्या तळाला घट्ट धरून ते तसंच लटकून राहिलं. बसमध्ये टाळ्या झाल्या. म्हातारीने “बगा!” म्हणून बोट दाखवलं. माझ्या आयुष्यात इतक्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. लग्नात वाजवल्या होत्या, पण त्यांत बॅंडवालेही धरले होते.

कंडक्टरने शांतपणे तिकिटांची पेटी पुढे ओढली. “घट हाय, मान्य हाय. म्हंजी ते सामान झालं. सामानाचं तिकीट काढा.”

मी काढलं. दह्याच्या इभ्रतीसाठी तेवढं करायलाच हवं होतं.

मग बस निघाली. कशेळे ते कर्जत हा रस्ता त्या वर्षी कसा होता, हे ज्याने त्यावरून प्रवास केला त्यालाच कळेल. बस एका खड्ड्यातून बाहेर यायची ती दुसऱ्याची चौकशी करायला. मी मडकं पोटाशी कवटाळून धरलं होतं. ते सांडू नये म्हणून प्रत्येक धक्क्याला मी ते डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सांभाळत होतो. थेंबभरही सांडू दिलं नाही.

घरी आल्यावर ओसरीवर, तात्यांच्या आणि उमाच्या समोर, मी मोठ्या दिमाखात फडकं सोडलं.

आत स्वच्छ, पातळ ताक होतं. आणि त्यावर लिंबाएवढा लोण्याचा गोळा तरंगत होता.

तात्यांनी वाकून पाहिलं. “लोणी छान निघालंय,” ते म्हणाले.

उमा हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसायला लागलो. आणि मग हसता हसता ती मधेच थांबली. पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “असू दे हो. नेरळ काही पळून जात नाही. पुढच्या वर्षी बघू.”

मी चप्पल काढलीच नव्हती. तसाच कोपऱ्यातली दुधाची कासंडी उचलली आणि आळीत शिरलो.

त्या संध्याकाळी मी आमच्या आळीतल्या प्रत्येक घरी दही मागितलं. लाज कसली ती राहिली नव्हती. द्वारकाकाकूंनी दिलं ते गोड होतं. “मिरचीचं देठ टाकून लावलंय, नानांना सांग,” एवढं बजावून दिलं. नानांनी दिलं ते देठाशिवायचं होतं, आणि ते देताना त्यांनी वाटीवर हात ठेवून डोळे मिटले. मला वाटतं विरुद्ध आहाराबद्दल क्षमा मागितली असावी. कोपऱ्यावरच्या उपाध्यांकडचं दही इतकं आंबट होतं, की त्याने त्यांच्या घरातली तांब्या-पितळेची भांडी लखलखत असत. कोणी अर्धी वाटी दिली, कोणी पळीभर. आणि प्रत्येकाने, दही कासंडीत ओतल्यावर, अगदी सहज विचारलं, “मग उद्या किती वाजता यायचं?”

मी काय सांगणार? ज्याचं दही आपण खाणार, त्याला येऊ नका कसं म्हणायचं?

रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर आख्खी आळी येऊन बसली. प्रत्येकाने आपापली वाटी आणि चमचा आणला होता. तात्या मधोमध पाटावर बसले होते. शेजारी नाना पेटी उघडून तयार. पंगत बसण्याआधी त्यांनी सगळ्यांच्या जिभा बाहेर काढायला लावून बघितल्या, म्हणजे नंतर काय फरक पडला ते समजेल.

मी स्वयंपाकघरात एकटा. उमा दाराच्या उंबऱ्यावर बसली होती, हात मांडीखाली दाबून, कारण ते आपोआप पुढे येत होते. आंबे, केळी, कलिंगड मी कापली. बरी कापली. आंब्याच्या फोडी थोड्या जमिनीवर गेल्या, पण त्या मी मोजल्या नाहीत. मग एवढ्या माणसांना पुरावं म्हणून मी फणसाला हात घातला.

फणस कापण्याआधी हाताला तेल लावायचं असतं. ही गोष्ट मला माहीत होती. ती आठवली तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत आत होते.

आणि तो कापा नव्हता. बरका होता! काकडीसारखे गरे सोडाच, आत सगळं लिबलिबीत. एक गरा धरावा तर तो तिसऱ्याच बोटातून निसटे. चीक असा, की सुरी हाताला चिकटली. सुरी सोडवायला वर्तमानपत्र घेतलं, तर तेही चिकटलं. डाव्या तळव्याला अर्धं पान लटकत राहिलं, उजव्याला सुरी.

“गोपीनाथ, काय झालं रे?” बाहेरून काकू.

“चीक लागलाय!”

“खोबरेल तेल चोळ!”

“रॉकेल लावा!” नाना ओरडले. “रॉकेलने पटकन निघतो!”

“रॉकेल हे इंधन आहे,” तात्यांचा आवाज आला. “रॉकेलला हात लावलास तर हरलास.”

मी खोबरेल शोधायला लागलो. हाताला सुरी असलेला माणूस फडताळात काहीही शोधू लागला की काय होतं, याची मी इथे सविस्तर चर्चा करणार नाही. तेल सापडलं, सुरी निघाली. पान मात्र निघालं नाही.

मग दह्यासाठी मोठं भांडं हवं. मी फळीवरचं पितळेचं पातेलं काढलं. उंबऱ्यावरून उमा खोकली.

मी पाहिलं. तिने पातेल्याकडे डोळे वटारले. कल्हई उडालेली! त्यात दही कळकलं असतं. मी पातेलं ठेवलं आणि स्टीलचा डबा उचलला. खोकला थांबला.

“सूनबाई, सल्ला नको,” तात्या बाहेरून म्हणाले.

“सल्ला कुठे देतेय? खोकला आलाय.”

नाना लगेच उठून आत आले आणि तिच्या जिभेवर चार गोळ्या टाकून गेले.

मी मिठाचा डबा उचलला. खोकला. तो साखरेचा आहे असं मी समजलो होतो. नाना आले, चार गोळ्या. मी फणसाच्या आठळ्या दह्यात टाकायला गेलो. खोकला, नाना, गोळ्या. मी करवंदं न धुता टाकायला गेलो, तेव्हा ती इतकी खोकली की नानांनी दुसरीच बाटली काढली. त्या सकाळी उमाची न्याहारी गोळ्यांवरच होते की काय, असं मला वाटू लागलं.

पण शेवटी ते तयार झालं. आळीतली सगळी दह्यं एकत्र घुसळून त्यात सगळी फळं. बरक्याचा रस विरघळून दही पिवळं झालेलं, आंब्याने केशरी, करवंदांनी मधेमधे जांभळं. मी डबा कडेवर घेतला आणि ओसरीवर आलो. तळव्याला लटकलेल्या वर्तमानपत्राच्या पानासकटच मी सगळ्यांना वाढलं. त्यावरच्या बातम्या लोकांनी वाढता वाढता वाचूनही घेतल्या.

“उमा, तूही बस,” द्वारकाकाकू म्हणाल्या. “हात लावायचा नाही ना? मग आत काय करतेस?”

उमा बसली. पंगतीत, तात्यांच्या समोर. सगळ्यांबरोबर वाढून घेऊन बसलेली उमा मी लग्नाच्या दिवसानंतर पाहिली नव्हती. तिला काय करावं ते कळेना. ती वाटीकडे नुसती बघत राहिली.

तात्यांनी चमचा भरला, नाकाशी नेला. “याचं नाव काय?”

नावाचा विचारच केला नव्हता.

“शिकरण,” कोणी म्हणालं.

“शिकरण दुधाची!” काकू.

“मग काला म्हणा.”

“काल्यात पोहे हवेत!”

“विष म्हणा,” नाना हळूच म्हणाले.

“बिननावाचंच खातो,” तात्या म्हणाले आणि चमचा तोंडात घातला.

ओसरीवर कोणाचाही चमचा हलत नव्हता. तात्यांनी सावकाश चावलं. गिळलं. चेहऱ्यावर काहीही नाही; तात्यांनी आयुष्य जमीनमोजणीत काढलं, त्यांचा चेहरा हद्दीच्या दगडासारखाच. त्यांनी आणखी एक चमचा घेतला. मग आणखी एक. वाटी संपली. त्यांनी ती पुढे केली.

“नीट चव कळली नाही,” ते म्हणाले.

मी वाढलं. तीही संपली. पुन्हा वाटी पुढे. “आंबट कुठून येतं ते बघतोय.”

“उपाध्यांकडून!” काकू म्हणाल्या, आणि मग एकदम सगळेच खायला लागले. काय गलका झाला! कोणाला आपल्या घरचं दही ओळखू येत होतं, कोणी करवंदं निवडून खात होतं. काकू नानांना म्हणाल्या, “देठाची चव लागते ना?” आणि नाना, ज्यांनी खाणार नाही असं सांगितलं होतं, ते तिसऱ्या वाटीत तोंड घालून म्हणाले, “लागते.” त्यांचं बोलणं तिथल्या तिथे सुरू झालं. उमाने पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. तिला ते आवडलं, की बसून खायला मिळालं ते आवडलं, मला अजून ठाऊक नाही.

सगळ्यांच्या वाट्या रिकाम्या झाल्यावर तात्यांनी घसा खाकरला.

“पोट भरलं. चव आली. ज्योत दिसली नाही. सूनबाईने हात लावला नाही.” ते थांबले. “खोकला मी धरत नाही. नानांनी औषध दिलंय, तेव्हा तो आजारच होता. सूनबाई, तू नेरळला जा.”

उमा उठली आणि काही सुचेना म्हणून वाकून त्यांच्या पाया पडली. काकूंनी तिला मिठी मारली. मी दोन्ही हात जोडायला गेलो, ते जोडलेलेच राहिले, चिकामुळे.

“पण एक अट आहे,” तात्या म्हणाले. “न्याहारी हा करणार नाही.”

“म्हणजे?” मी म्हणालो. “मग कोण करणार?”

“मी. तुला आत जाऊ दिलं तर महिनाभरात स्वयंपाकघर शिल्लक राहणार नाही. फडताळाकडे बघ जरा.”

“तात्या, तुम्हाला येतं?”

“फळं चिरायची, दही घालायचं. यात शिजवायचं काय आहे? आणि मला तरी स्टोव्ह कुठे पेटवता येतो?”

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या सकाळी तात्या आमच्या सगळ्यांच्या आधी उठले. कमरेला पंचा गुंडाळून त्यांनी केळ्याचे सगळे काप एकाच जाडीचे केले. जाडी बघायला ते वाकून डोळा खाली नेत होते. चिकू सोलले, दही घातलं आणि दोन वाट्या आणून ठेवल्या, एक उमापुढे, एक माझ्यापुढे. स्वतः हात पुसत उभेच राहिले.

उमा इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिने भराभर वाटी संपवली.

“कसं झालंय?” तात्यांनी विचारलं. आवाज जरा चाचरलाच.

“तात्या,” उमा म्हणाली, “आणखी आहे?”

तात्यांनी भांड्यात पाहिलं. भांडं रिकामं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुकताच चमचा भरला होता. त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि उमाच्या वाटीत उपडी केली.

“तुझी कचेरी साडेदहाची,” ते मला म्हणाले. “हिची गाडी आत्ता आहे.”

उमाने तेही संपवलं, पर्स उचलली आणि गेली. मी रिकामा चमचा हातात धरून दारात उभा राहिलो, आणि माझ्याशेजारी तात्या, ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत.